गुण येईल का? : यकृताचा कर्करोग आणि स्कॅनवरून बांधलेला अंदाज

प्रस्तावना

पांढुर्णा-सौंसरकडे घरात मोठे दुखणे निघाले की पहिले वाक्य ठरलेले असते : "नागपूरला दाखवून आणू." १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा विदर्भाचे आठ जिल्हे तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा मध्य प्रदेशात राहिला. तोवर या मुलखाची राजधानीच नागपूर होती. राजधानी भोपाळला गेली, दवाखाना मात्र नागपूरलाच राहिला. पांढुर्ण्याहून नागपूर शंभर किलोमीटरच्या आसपास, सौंसरहून त्याहून जवळ. भोपाळ दुपटीहून लांब. ऑक्टोबर २०२३ मध्ये छिंदवाड्यातून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा निघाला, सौंसर त्यात आले, तरी आजाऱ्याची वाट बदलली नाही. शासकीय मेडिकल, मेयो, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटल, मिहानमधले एम्स, जामठ्याची नॅशनल कॅन्सर इन्स्टिट्यूट ही नावे इथल्या माणसाला आपल्या तहसील कचेरीइतकी ओळखीची आहेत. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि हातातला रिपोर्ट इंग्रजीत, असा हा सगळा प्रवास असतो.

या वाटेने जाणाऱ्यांत यकृताच्या कर्करोगाचे रुग्णही असतात. हे पुस्तक त्यांच्याविषयी आहे, आणि त्यातही एका नेमक्या प्रश्नाविषयी : उपचार सुरू करण्याआधीच, केवळ स्कॅन पाहून, या माणसाला या उपचाराचा गुण येईल की नाही हे सांगता येते का? गेल्या दहा-बारा वर्षांत जगभर या प्रश्नावर बरेच काम झाले आहे. आपल्यापर्यंत ते 'आता संगणक कॅन्सर सांगणार' अशा मथळ्यांतून पोचते. मथळा वाचून कोणाला भलतीच आशा वाटते, तर कोणाला ही सारी बड्या शहरांची चैन वाटते. या दोन्ही टोकांच्या मध्ये खरी हकीकत आहे. ती समजण्यासारखी आहे आणि समजून घेतली तर उपयोगाचीही आहे.

पुस्तक लिहिताना डोळ्यांसमोर ठेवलेला वाचक मोठ्या इस्पितळातला तज्ज्ञ नाही. प्रत्येक आजारी घरात फाइल सांभाळणारा एक जण असतो, मुलगा, जावई, कधी शिकणारी नात. रिपोर्ट तारीखवार लावणे, आयुष्मान कार्ड खिशात ठेवणे, डॉक्टरांपुढे प्रश्न विचारणे हे त्याच्याकडे आलेले असते. तो पहिला वाचक. तालुक्याला दवाखाना चालवणारे डॉक्टर, परिचारिका आणि सीटी स्कॅन केंद्रावरचे तंत्रज्ञ हे त्याच्या मागोमाग.

आधी रोगाविषयी. आतड्यात किंवा स्तनात सुरू होऊन यकृतात पसरलेला कर्करोग वेगळा आणि यकृताच्या पेशींतच उगवलेला वेगळा. इथे विचार दुसऱ्याचा आहे. त्याचे नाव हेपॅटोसेल्युलर कार्सिनोमा. डॉक्टर आपसांत 'एचसीसी' म्हणतात. यकृतात उगम पावणाऱ्या कर्करोगांपैकी तीन-चतुर्थांशाहून अधिक याच जातीचे असतात. जागतिक अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात यकृताच्या कर्करोगाचे सुमारे ८ लाख ६६ हजार नवे रुग्ण निघाले आणि सुमारे ७ लाख ५९ हजार मृत्यू झाले. नव्या रुग्णांचा आणि मृत्यूंचा आकडा इतका लागून असावा, यावरून रोग किती उशिरा हाती लागतो ते कळते.

हा कर्करोग सहसा धडधाकट यकृतात उगवत नाही. आधी वर्षानुवर्षे यकृत सुजते, त्याचे तंतू होतात, ते गाठाळ आणि घट्ट बनते. यालाच सिरोसिस म्हणतात. त्या खराब झालेल्या यकृतात मग गाठ धरते. म्हणजे डॉक्टरांपुढे एकाच माणसात दोन आजार असतात : गाठ मारायची आहे आणि उरलेले यकृत जगवायचेही आहे. उपचाराचा प्रत्येक निर्णय या ओढाताणीतून होतो. अंदाजाची गरजही इथूनच निर्माण होते.

यकृत खराब होण्याची मोठी कारणे चार : हेपॅटायटिस बी, हेपॅटायटिस सी, दारू, आणि मधुमेह-लठ्ठपणाच्या जोडीने यकृतात साचणारी चरबी. या भागापुरत्या आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत. पहिली शेतातली. मका किंवा भुईमूग दमट राहिला की त्यावर बुरशी चढते आणि तिच्यातून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होते. १९६० मध्ये इंग्लंडात टर्की पक्षी मोठ्या संख्येने मेले, तेव्हा त्यांच्या खाद्यातून या विषाचा छडा लागला. अंगात हेपॅटायटिस बी असेल आणि वर हे विष पोटात जात असेल, तर यकृताच्या कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त वाढतो. छिंदवाड्याचा पट्टा मक्यासाठी नावाजलेला आहे. तेव्हा कणसे खळ्यावर खडखडीत वाळवून मगच भरणे हे इथे बाजारभावाइतकेच तब्येतीचेही काम आहे. दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भ आणि त्याला लागून असलेल्या या पट्ट्यात सिकलसेलची कुटुंबे पुष्कळ आहेत. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहिमेचा आरंभही १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्याच शहडोलला झाला. ज्याला वारंवार रक्त चढवावे लागते त्याच्या यकृतात लोह साठत जाते. असे यकृत एमआरआयमध्ये काळपट दिसते. ही बाब ध्यानात राहू द्या, पुढे तिचे काम आहे.

आता पडद्यावरचा स्कॅन पाहू. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळते. सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून आणि उरलेले धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सगळे रक्त धमनीतून ओढते. निदान, उपचार आणि अंदाज हे तिन्ही या एका फरकावर उभे आहेत.

रुग्णाच्या हाताच्या शिरेत जाड सुई घालतात आणि इंजेक्टर यंत्राने सेकंदाला तीन-चार मिलिलिटर वेगाने आयोडीनयुक्त कॉन्ट्रास्ट सोडतात. लोक त्याला 'डाय' म्हणतात. साधारण पस्तिसाव्या सेकंदाला पहिली फेरी होते. डाय धमन्यांत भरलेला असतो, बाकीचे यकृत करडे असते आणि गाठ त्यात पांढरी उजळून उठते. सत्तराव्या सेकंदाच्या सुमारास दुसरी फेरी. आता पोर्टल शिरेतून डाय पोचल्याने सगळे यकृत उजळते आणि गाठ फिकी पडू लागते. तीन ते पाच मिनिटांनी तिसरी. गाठ आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळी होते आणि पुष्कळदा तिच्या कडेने एक बारीक पांढरी रेघ उमटते. सिरोसिसच्या रुग्णात एक सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या गाठीने हे उजळणे-विझणे स्पष्ट दाखवले, तर बहुतेक वेळा सुईने तुकडा काढण्याचीही गरज पडत नाही. बायोप्सीवाचून नुसत्या चित्रावर निदान मान्य होणारे कर्करोग फार थोडे; हा त्यांतला ठळक.

तीन फेऱ्यांच्या या तपासणीला ट्रायफेजिक सीटी म्हणतात. वेळ चुकली, सुई बारीक पडली, डाय हळू गेला किंवा पैसे वाचवायला एकच फेरी केली, तर गाठ दिसूनही ओळखू येत नाही. मग नागपूरला पोचल्यावर सगळे पुन्हा. रुग्णाच्या मूत्रपिंडावर डायचा भार पुन्हा, खर्च पुन्हा.

गाठ लहान आणि एकटी असेल तर ती कापून काढता येते, सुईने जाळता येते किंवा निवडक रुग्णांत यकृतच बदलता येते. प्रत्यारोपण कोणाला लाभते याचे मिलान निकष १९९६ पासून वापरात आहेत. गाठी मोठ्या किंवा अनेक, पण अजून यकृतातच, मोठ्या शिरा मोकळ्या आणि यकृत बऱ्यापैकी चालू, अशा मधल्या टप्प्यावर नेहमीचा उपचार म्हणजे टेस, पूर्ण नाव ट्रान्सआर्टीरियल केमोएम्बोलायझेशन. जांघेतल्या किंवा मनगटाच्या धमनीतून केसासारखी बारीक नळी यकृताच्या धमनीत नेतात आणि गाठीला रक्त पुरवणाऱ्या फांदीत तिचे टोक ठेवतात. तिथे डॉक्सोरुबिसिनसारखे औषध लिपिओडॉलमध्ये घोटून सोडतात. लिपिओडॉल म्हणजे आयोडीन जोडलेले खसखशीचे तेल. ते गाठीत रुतून बसते. पाठोपाठ बारीक कण सोडून फांदी बुजवतात. औषध आत कोंडले जाते, गाठीचे रक्त तुटते, आणि बाकीचे यकृत पोर्टल शिरेच्या रक्तावर तगून राहते. २००२ मध्ये बार्सिलोना आणि हाँगकाँग इथल्या दोन चाचण्यांनी निवडक रुग्णांचे आयुष्य यामुळे वाढते हे दाखवले आणि उपचार जगभर रुळला.

रुळला खरा, पण सगळ्यांना लागू पडतो असे नाही. २०१६ मध्ये लिपिओडॉल वापरून केलेल्या टेसच्या अभ्यासांचा एकत्रित आढावा निघाला. त्यात १०,१०८ रुग्ण होते आणि गाठीवर ठरलेल्या मापाने गुण आला तो ५२.५ टक्क्यांना. म्हणजे जवळपास अर्ध्यांना आलाच नाही. त्यांनीही ताप, पोटदुखी, मळमळ सोसली, आणि प्रत्येक खेपेला उरलेल्या यकृताची थोडी ताकद गेली. पांढुर्ण्याच्या शेतकऱ्याच्या बाबतीत याला आणखी एक बाजू आहे. आठ दिवस नागपूर, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, महिना-दीड महिन्याने पुन्हा स्कॅन आणि मग कळणार की गाठ तशीच आहे. तेवढ्यात यकृत आणखी थकले असेल तर पुढचा उपचार झेपेलच असे नाही.

गुण आला हे मोजायचे कसे, यावरही एक काळ गोंधळ होता. २००० साली ठरलेले रेसिस्ट निकष गाठीचा व्यास मोजत. टेसनंतर गाठ मरते, पण लगेच आकसत नाही. पाच सेंटिमीटरची गाठ महिन्याभराने पाचच भरते आणि कागदावर 'फरक नाही' असे उमटते. स्कॅनवर मात्र वेगळेच दिसते. गाठीचा मोठा भाग लिपिओडॉलने चुन्यासारखा पांढरा होऊन निपचित पडलेला असतो आणि एका कडेला चंद्रकोरीएवढी पट्टी धमनीच्या फेरीत अजून उजळते. ती पट्टी म्हणजे जिवंत उरलेला कर्करोग. २०१० मध्ये आलेल्या सुधारित निकषांनी, म्हणजे एमरेसिस्टने, फक्त हा उजळणारा भाग मोजायचे ठरवले. पाचातला जिवंत भाग दोन सेंटिमीटर उरला असेल तर घट साठ टक्के; तीस टक्के किंवा त्याहून जास्त घट म्हणजे अंशतः गुण. उजळणे पूर्ण थांबले तर पूर्ण गुण. उपचारानंतरच्या स्कॅनचा रिपोर्ट हातात आला की नुसते सेंटिमीटर पाहून घाबरू किंवा हुरळू नये, ते यासाठी.

आता मूळ प्रश्न : हे आधीच कळेल का? अनुभवी डॉक्टर असा अंदाज नेहमीच बांधत आले आहेत. संत्र्याचा व्यापारी बहार झाडावर असतानाच बगीचा फिरतो, पानांचा रंग, फळांची दाटी, जमीन पाहतो आणि किती माल निघेल ते सांगून सौदा करतो, तसेच हे. आणि त्याच्यासारखीच इथेही अट आहे : सौंसरच्या बगीच्यांवर तयार झालेली नजर दुसऱ्या मातीतल्या, दुसऱ्या जातीच्या झाडांवर तशीच चालत नाही.

या अनुभवाला आकड्यांत बांधायचे प्रयत्न संगणकाआधीच झाले. २०१३ च्या हॅप गुणांकनात चार गोष्टी येतात : रक्तातले अल्ब्युमिन, बिलिरुबिन, एएफपी आणि गाठीचा आकार. २०१९ मध्ये चीनमधल्या रुग्णांवरून त्याहून सोपे गणित निघाले. सर्वांत मोठ्या गाठीचा व्यास सेंटिमीटरमध्ये घ्या, त्यात गाठींची संख्या मिळवा. बेरीज ६ किंवा कमी, ६ च्या वर ते १२, आणि १२ च्या वर, असे तीन गट पडतात. ज्या रुग्णांवरून हे बांधले त्यांत या गटांचे मध्यक आयुर्मान अनुक्रमे ४९.१, ३२ आणि १५.८ महिने होते. पाच सेंटिमीटरची गाठ आणि एकूण गाठी दोन, तर बेरीज सात. पाटीवर होणारे हे गणित आहे. म्हणून पुढे कोणी कितीही भारी संगणकी पद्धत दाखवली तरी पहिला प्रश्न हाच विचारावा : या बेरजेपेक्षा तुमचे यंत्र किती बरे सांगते?

बेरजेला एक मर्यादा आहे. तिला गाठीच्या आतले दिसत नाही. पाच सेंटिमीटरच्या दोन गाठी बाहेरून सारख्या आणि आतून अगदी निराळ्या असू शकतात. सीटीचे चित्र मुळात चित्र नसतेच, ती आकड्यांची जाळी असते. हवेला उणे १०००, पाण्याला शून्य, या मापाने शरीराच्या प्रत्येक बारीक ठोकळ्याला एक आकडा मिळतो. समजा, एका गाठीत शेजारशेजारचे आकडे ९२, ९५, ९३, ९४ असे आहेत आणि दुसरीत ६०, १३०, ७०, १२०. सरासरी दोन्हींची जवळपास एकच, आणि घाईच्या नजरेला दोन्ही 'उजळ गाठी'. पण पहिलीत पेशी आणि रक्तवाहिन्या एकसारख्या पसरल्या आहेत. दुसरीत कुठे मेलेला भाग, कुठे दाट नवी रक्तवाहिनी, कुठे रक्तस्राव अशी सरमिसळ असण्याची शक्यता आहे. औषध दोन्हींत सारखे पसरेल असे कसे मानायचे?

शेजारच्या आकड्यांची ही ठेवण मोजायची पद्धत रॉबर्ट हॅरालिक यांनी १९७३ मध्येच मांडली होती, तीही हवाई छायाचित्रे आणि उपग्रहचित्रांसारख्या गोष्टींसाठी. वैद्यकीय स्कॅनमधून अशी शेकडो मापे काढून ती रोगाच्या वाटचालीशी जोडणे, याला नेदरलँड्सच्या फिलिप लांबिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये रेडिओमिक्स या नावाने पुढे आणले. काम टप्प्याटप्प्याने चालते. गाठीभोवती अचूक रेघ काढायची, आतल्या आकड्यांवरून आकार, उजळपणा आणि पोत यांची मापे काढायची, त्यांतली टिकाऊ निवडायची, आणि ज्या जुन्या रुग्णांना गुण आला की नाही हे ठाऊक आहे त्यांच्याशी ती ताडून सूत्र बसवायचे. डीप लर्निंगमध्ये मापे माणूस ठरवत नाही. हजारो चित्रे आणि त्यांचे निकाल पाहून यंत्र ती स्वतः शोधते.

टेसपुरते बोलायचे तर तीन अभ्यास नजरेखाली घालण्यासारखे आहेत. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या येल विद्यापीठात ३६ रुग्णांच्या एमआरआयवरून बांधलेला अंदाज ७८ टक्के वेळा बरोबर आला. २०१९ मध्ये ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात १०५ रुग्णांवर काम झाले. नुसता रोगाचा टप्पा पाहून केलेला अंदाज ६२.९ टक्के बरोबर होता, त्यात स्कॅनमधली मापे मिळवल्यावर तो ७४.२ टक्क्यांवर गेला. याच केंद्राने १०५ रुग्णांचे, गाठींच्या रेघा आखलेले स्कॅन ओळख काढून संशोधकांसाठी जगाला खुले केले. २०२० मध्ये चीनमधल्या तीन रुग्णालयांच्या ७८९ रुग्णांवर डीप लर्निंगचा प्रयोग झाला. एका रुग्णालयावर शिकवलेले यंत्र उरलेल्या दोन रुग्णालयांत तपासले, तरी अचूकता ८२ ते ८५ टक्क्यांच्या दरम्यान टिकली.

आकडे चांगले आहेत. तरी चौऱ्याऐंशी टक्के म्हणजे शंभरांतले सोळा चुकले, आणि कोणत्या बाजूने चुकले याला महत्त्व आहे. ज्याला गुण येणार नाही त्याला 'येईल' म्हटले तर आजच्यासारखाच तोटा होतो. ज्याला आला असता त्याला 'येणार नाही' म्हणून परत पाठवले तर त्याच्या तोंडचा उपचार जातो. शिवाय हे तिन्ही अभ्यास जुन्या नोंदी उकरून केलेले आहेत. यंत्राचे ऐकून उपचार बदलला आणि त्यामुळे रुग्ण जास्त जगले, हे सिद्ध करायला आधी आखून केलेली चाचणी लागते.

मातीचा प्रश्न तर आहेच. या तिन्हींत भारतातले एकही रुग्णालय नव्हते. चीनमधल्या रुग्णांत हेपॅटायटिस बीचा वाटा मोठा असतो. आपल्याकडे त्याच्या जोडीला दारू, मधुमेह, चरबी येते आणि बऱ्याच जणांत ही कारणे एकत्र नांदतात. सिकलसेलमुळे लोह साचलेल्या, एमआरआयमध्ये काळपट दिसणाऱ्या यकृताचे काय करायचे हे त्या यंत्रांना कोणी शिकवलेले नाही. यंत्रायंत्रांतही फरक असतो. एकच नमुना निरनिराळ्या कंपन्यांच्या सीटीवर घातला तर पोताची मापे बदलतात. कापांची जाडी पाच मिलिमीटर की दीड, डाय केव्हा पोचला, चित्र कोणत्या पद्धतीने जुळवले, सगळ्याचा त्यावर परिणाम होतो. मापे सर्वत्र एकाच व्याख्येने काढावीत म्हणून २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय प्रमाणीकरणाचा प्रयत्न झाला. त्याने सूत्रे एक झाली. स्कॅन काढण्याची शिस्त ज्याची त्यालाच पाळावी लागते.

म्हणून या पुस्तकाचे म्हणणे थोडक्यात असे : अंदाजाचे गणित पुष्कळसे तयार आहे, कमतरता आपल्या माणसांच्या नीट काढलेल्या आणि नीट जपलेल्या स्कॅनची आहे. मुंबईच्या टाटा मेमोरियलने इतर संस्थांना बरोबर घेऊन कर्करोगाच्या प्रतिमांची पेढी उभारायला घेतली आहे. तिची सुरुवात डोके-मान आणि फुफ्फुसाच्या कर्करोगांपासून झाली. यकृतासाठी आणि मध्य भारतासाठी तसेच काम नागपूरच्या संस्था करू शकतात. विदर्भ, छिंदवाडा, पांढुर्णा, बैतूल, बालाघाट इथले रुग्ण त्यांच्याकडेच येतात. अडचण सरहद्दीची आहे. रुग्ण मध्य प्रदेशचा, उपचार महाराष्ट्रात. पहिला स्कॅन एका गावी, टेस दुसरीकडे, नंतरचा स्कॅन तिसऱ्याच ठिकाणी. आयुष्मान कार्ड राज्याबाहेरच्या नोंदणीकृत रुग्णालयात चालते, त्याच्यामागून स्कॅन मात्र चालत येत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेले आयुष्मान भारत डिजिटल मिशन ही तुटलेली साखळी जोडण्यासाठी आहे. ते सीटी केंद्रांपर्यंत खरोखर पोचले तर निम्मे काम होईल. रुग्णाच्या संमतीची आणि गोपनीयतेची बाजूही सोडून चालणार नाही. आरोग्यातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी आयसीएमआरची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे २०२३ मध्ये आली आणि व्यक्तिगत विदा संरक्षणाचा कायदाही त्याच वर्षी झाला. सही घेण्याआधी कागद रुग्णाच्या भाषेत समजावून सांगणे ही त्यातली पहिली पायरी, आणि सीमेवरच्या या भागात ती भाषा बहुधा मराठी असते.

अंदाज हाती आला तर त्याचे करायचे काय, असेही कोणी विचारेल. टेसचा गुण येणार नाही असे दिसले तरी हात टेकण्याची वेळ नसते. यिट्रियम-९० चे किरणोत्सारी कण धमनीतून गाठीत सोडण्याचा उपचार आहे. भाभा अणुसंशोधन केंद्राने असे कण 'भाभास्फिअर' या नावाने देशातच तयार केले आहेत. सोराफेनिब या गोळीचा उपयोग २००८ मध्ये सिद्ध झाला आणि २०२० मध्ये ॲटेझोलिझुमॅब-बेव्हासिझुमॅब या जोडीने तिला मागे टाकले. ही जोडी महाग आहे, हे खरे. पण यकृताची ताकद शाबूत असताना त्या वाटेचा विचार होणे आणि टेसच्या चार खेपांनी यकृत थकल्यावर होणे, यात फार अंतर आहे. अंदाजाची खरी कमाई या वाचलेल्या वेळात आहे.

पुस्तकाची मांडणी याच क्रमाने आहे : आधी यकृत आणि त्याचे रोग, मग स्कॅन वाचण्याची ओळख, मग टेस आणि गुण मोजण्याची मापे, शेवटी संगणकी अंदाज आणि त्याची पारख. गणिताचा भाग अवघड वाटला तर तो सोडून पुढे जावे, धागा तुटणार नाही. कोणत्याही कंपनीच्या सॉफ्टवेअरची किंवा विशिष्ट रुग्णालयाची शिफारस यात नाही. आणि पुस्तक वाचून उपचार ठरवू नये. डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत एवढ्यासाठी ते आहे.

फाइल सांभाळणाऱ्या वाचकाला जाता जाता चार गोष्टी सांगायच्या आहेत. सिरोसिस असलेल्या घरच्या माणसाची सोनोग्राफी दर सहा महिन्यांनी करून घ्या. गाठ लहान असताना सापडली तर या पुस्तकातल्या बऱ्याच चर्चेची गरजच पडणार नाही. गाठीसाठी सीटी सांगितला तर तो तिन्ही फेऱ्यांचा आहे ना, हे केंद्रावर आधी विचारा. मोठ्या पाकिटातल्या काळ्या फिल्मवर समाधान मानू नका. फिल्मवर आकडे उरत नाहीत, म्हणून मूळ डायकॉम फाइल असलेली सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागून घ्या, तिची एक प्रत घरी ठेवा आणि उपचाराआधीचा व नंतरचा स्कॅन शक्यतो एकाच केंद्रावर काढा. कोणी संगणकाचा अंदाज पुढे ठेवला तर तो कोणत्या रुग्णांवरून बांधला आणि त्याने आपला उपचार बदलणार आहे का, हे दोन प्रश्न विचारल्यावाचून उठू नका. आणि घरात बाळ जन्मले तर पहिल्या चोवीस तासांत हेपॅटायटिस बीची लस टोचली गेली का ते पाहा. ती सरकारी दवाखान्यात फुकट मिळते, आणि यकृताचा कर्करोग टाळण्याचा याहून स्वस्त उपाय आजवर निघालेला नाही.